पॅराशूटची घडी

या, असे जवळ येऊन बसा. उंबऱ्यापाशी उभं राहून ‘काकू, बऱ्या आहात ना’ विचारायचं आणि पायातली चप्पलही न काढता पळायचं, ही तुमची सवय मला बिलकुल पसंत नाही. इंदूरला येता, सकाळी पोहे खाता, रात्री सराफ्यात जीभ भाजून घेता, आणि नेमकी आमच्या गल्लीवरून जाताना तुम्हाला घाई आठवते. आज नाही सोडणार. आज आमच्या नंदोईजींबद्दल ऐकूनच जायचं. नंदोई म्हणजे माझ्या नणंदेचे, आमच्या वन्संचे यजमान. पुण्याकडे ह्या नात्याला काय म्हणत असतील ते म्हणोत, आम्ही इंदुरातली माणसं, आमच्या मराठीत हिंदी न विचारता येऊन बसते. तर माझं छातीठोक सांगणं असं, की अख्ख्या माळव्यात नंदोईजींसारखी घडी घालणारा माणूस दुसरा झाला नाही, आणि होण्याची गरजही नाही, एक आहे तोच पुरे.

ते मिलमध्ये घडीखात्यात होते. कापड विणून, धुऊन, खळ देऊन तयार झालं की शेवटी घडीखात्यात येतं. तिथं त्याची एकसारखी घडी पडते, तागा बांधला जातो, वर मिलचा छाप बसतो आणि मग ते बाजार बघतं. नंदोईजी मिसरूड फुटल्यापासून तिथंच. त्यामुळे जगात जे जे म्हणून पसरलेलं आहे ते ते घडी घालण्यासाठीच पसरलंय, अशी त्यांची पक्की समजूत. वर्तमानपत्र वाचून झालं की ते अशा काही घडीनं ठेवीत की आमच्या ह्यांनी एकदा कालचा पेपर आजचा समजून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि ‘ह्या सरकारचं काही पुढं सरकत नाही’ म्हणून कुरकुर केली. जेवताना पोळीची घडी, बसमध्ये तिकिटाची घडी, देवळात प्रसादाच्या कागदाची घडी. रेल्वेनं खंडव्याला जाताना समोरच्या बाकावर कोणी अनोळखी गृहस्थ झोपले होते, त्यांची चादर पायाकडून खाली लोंबत होती. नंदोईजींना ते काही बघवेना. त्यांनी ती पायाकडून हळूहळू घडी घालत आणली. गुडघ्यापर्यंत आले तेव्हा तो माणूस जागा झाला. “क्या कर रहे हो भिया?” तर हे शांतपणे म्हणाले, “आप सोते रहो जी, ऊपर का भी अभी हुआ जाता है.”

पण त्यांची खरी कमाल बघायची ती लग्नात. आपल्याकडे नवरानवरीच्या मध्ये अंतरपाट धरतात, तो धरायचा मान आमच्या सगळ्या नातेवाइकांत नंदोईजींचा. कारण अंतरपाट त्यांच्या हातात असला की मंगलाष्टकं कितीही लांबली तरी त्याला एक सुरकुती पडत नसे. अडचण पुढची. ‘शुभमंगल सावधान’ झालं, वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, की अंतरपाट झटकन बाजूला घ्यायचा असतो, म्हणजे मुलामुलीला हार घालता येतात. नंदोईजी तो बाजूला घेत नसत. ते जागच्या जागी त्याची घडी घालायला लागत. पलीकडच्या माणसाला म्हणत, “जरा टोक ताणा, ताणा, हं, आता माझ्याकडे या.” त्यामुळे आमच्या घरच्या प्रत्येक लग्नाच्या फोटोत हार घालण्याच्या नेमक्या क्षणी नवऱ्याचा अर्धा चेहरा, नवरीचा एक हात आणि मध्ये घडीत अडकलेल्या अक्षता झटकणारे नंदोईजी आहेत. माझ्या धाकट्या दिराच्या लग्नात तर नवरीनं हार त्यांच्याच गळ्यात घालता घालता मागे घेतला. वन्सं नंतर चार लोकांत म्हणाल्या, “घातला असता तर बरं झालं असतं, माझी सुटका झाली असती.” हे ऐकून सगळ्यात जास्त हसले ते नंदोईजीच.

आणि मग मिल बंद झाली. एकटी त्यांचीच नाही, एकामागून एक सगळ्याच. आधी पाळी कमी झाली, मग पगार अडला, मग एके दिवशी फाटकाला कुलूप आणि त्यावर कागद. त्याच सुमाराला बाजारात नवनवीन वस्तू यायला लागल्या होत्या, कोल्ड्रिंकच्या नव्या बाटल्या, रंगीत टीव्ही, घरोघरी केबल. आणि मिलमधली माणसं मात्र रोज सकाळी फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर बसून कुलपाकडे बघायची. हळूहळू तीही पांगली. कोणी टेंपो चालवायला लागलं, कोणी पोह्यांचा ठेला टाकला. नंदोईजी घरी बसले. बसले ते बसले, पण घडी घालायचे थांबले. आम्हाला सांगून खरं वाटेना. वन्संच्या घरी गेले तर खाटेवर चादर गोळा होऊन पडलेली, पेपर पंख्याच्या वाऱ्यावर घरभर उडतोय, आणि हे भिंतीला टेकून बसलेले. वन्सं शेजारणींचे ब्लाऊज शिवून घर चालवत होत्या, त्याचं त्यांना काही नव्हतं. मला स्वयंपाकघरात ओढून त्या म्हणाल्या, “वहिनी, पैसा नाही म्हणून मी नाही घाबरत. ही चादर बघून घाबरते.”

त्यातच एक काम चालून आलं. वन्संच्या ओळखीच्या एका शेठजींनी तयार कपड्यांचं नवं शोरूम काढलं होतं, काचेचे दरवाजे, आत थंड हवा. गिऱ्हाइकांनी उघडून बघितलेले शर्ट परत घडी घालून पाकिटात ठेवायला त्यांना भरवशाचा माणूस हवा होता. सोमवारपर्यंत हो की नाही ते सांगा, नाहीतर दुसरा बघतो, असा निरोप. नंदोईजींनी जाऊन एक पाकीट उघडून पाहिलं होतं. आत पुठ्ठा, कॉलरखाली प्लास्टिकची पट्टी आणि जागोजागी टाचण्या. घरी येऊन म्हणाले, “घडी राहावी म्हणून ज्याला टाचण्या टोचाव्या लागतात त्याला मी हात लावणार नाही.” आणि परत भिंतीला टेकले. वन्संनी मग माझ्यावर कामगिरी सोपवली. आमच्या ह्यांनी नुकतीच सियागंजातल्या एका व्यापाऱ्याची जुनी फियाट घेतली होती, आणि ती कुठंतरी लांब पळवून बघायला ते उतावीळ झाले होते. “रविवारी ह्यांना उज्जैनला दर्शनाला घेऊन जा,” वन्सं म्हणाल्या, “आणि वाटेत सोमवारचं बोला. मी आले तर ते तोंड उघडायचे नाहीत. तुमचं ऐकतात.”

माझं कोण ऐकतं हे मला ठाऊक होतं, पण गेले. थंडीचे दिवस, दोन्ही बाजूंना हिरवा गहू. मी मागच्या सीटवर, पुढं हे आणि शेजारी नंदोईजी. सांवेर येईपर्यंत मी बोलायला सुरुवात करून पाहिली. “नंदोईजी, ते सोमवारचं...” म्हटलं की हे हॉर्न वाजवीत, कारण पुढं ट्रॅक्टर. परत म्हटलं, “नंदोईजी, शेठजी माणूस बरा वाटतो...” तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “हरभरा चांगला आलाय यंदा.” महाकालाचं दर्शन झालं, कचोरी झाली, तरी गोष्ट हरभऱ्याच्या पुढं जाईना. परतताना ह्यांना वाटलं की फियाट अजून थकलेली नाही, म्हणून त्यांनी गाडी भलत्याच रस्त्याला घातली. थोडं गेल्यावर पाहिलं तर मोटारसायकली, बैलगाड्या, एक ट्रॉली भरून बायका, आणि सगळ्यांच्या माना वर. आम्हीही वर पाहिलं. निळ्याभोर आभाळातून एक केशरी छत्री आरामात खाली येत होती, आणि छत्रीला माणूस लटकलेला.

जुनी हवाई पट्टी होती ती. एक तंबू, एक छोटंसं विमान, वारा कुठून येतो ते दाखवणारी एक कापडी नळी खांबाला बांधलेली, आणि गवतावर अंथरलेली लांबलचक ताडपत्री. एवढ्यावर काही उत्साही मंडळी चार दिवसांपुरती विमानातून उड्या मारायला जमली होती. दोरी बांधून लोकांना लांब ठेवलं होतं. दोरीच्या अलीकडे जत्राच, शेव-परमलवाला, चहावाला, फुगेवाला. शेजारी उभा असलेला एक इंदुरी गडी आम्हाला माहिती पुरवत होता, “भिया, मरता कोई नहीं है. सुबह से देख रिया हूँ.” त्याच्या आवाजात थोडी निराशा होती असं मला वाटलं. नंदोईजींनी ती कापडी नळी बराच वेळ न्याहाळली आणि “हलकं आहे” एवढंच बोलले. किती महिन्यांनी त्यांनी एखाद्या कापडाविषयी तोंड उघडलं होतं.

आम्ही दोघं चहा घ्यायला गेलो. परत वळून पाहिलं तर नंदोईजी दोरीखालून वाकून पलीकडे गेलेले. त्यांचं काय झालं ते मी जाणून आहे. ताडपत्रीवर एक छत्री खाली उतरल्यावर गोळा करून आणून टाकलेली होती, चुरगळलेल्या ढिगासारखी, आणि जवळ कोणी नव्हतं. आधी त्यांनी हात मागे बांधले. मग सोडले. मग बसले, आणि एक कड उचलून दुसरीशी जुळवली. आमच्या ह्यांनी “अहो, अहो” म्हणून पाऊल उचललं, तर मी त्यांचा सदरा धरून मागे ओढलं. म्हटलं, “राहू द्या. बघा तर.” काय ते हात चालत होते. कड कडेला लागत होती, तळवा इस्त्रीसारखा फिरत होता, मोठी घडी, त्याच्यात लहान घडी. आणि त्या पातळ, पळपुट्या, सरसर निसटणाऱ्या कापडावर ते हळू आवाजात रागावत होते, जसं लहान मुलाला नीट बस म्हणावं तसं. दोऱ्या खूप होत्या. त्या त्यांनी सुताची लडी करतात तशा हातावर गुंडाळून मधोमध गाठ मारली. शेवटी सगळ्याचा असा सुरेख चौकोनी तागा झाला की वर मिलचा छाप तेवढा बाकी होता. चहा माझ्या हातात थंड झाला. वन्सं इथं हव्या होत्या, एवढंच सारखं मनात येत होतं.

तेवढ्यात तंबूतून एक मुलगी आली. अंगात पायापासून गळ्यापर्यंत एकच अखंड पोशाख, केस घट्ट बांधलेले, डोळ्यांवर चष्मा चढवायच्या बेतात. ती ताडपत्रीजवळ येऊन थबकली. “ये किसने किया?” नंदोईजी उठून उभे राहिले, गुडघे झटकले आणि विनयानं म्हणाले, “मैंने. आप लोग काम में थे.” ती बिचारी एकदा त्या ताग्याकडे बघे, एकदा आभाळाकडे. छत्री तिचीच होती. उन्हं कलायच्या आत विमानाची एकच फेरी उरली होती, दुसऱ्या दिवशी तळ उठणार होता, आणि त्या शेवटच्या फेरीत तिला उडी मारायची होती. दोरीपाशी बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमचा माहितीवाला ओरडलाच, “भिया, चाचा ने तो छतरी का थान बना दिया.” थान म्हणजे आपला तागाच, सगळी जत्रा हसली. नंदोईजींना अजून कळलं नव्हतं. त्यांनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग हळूहळू कळत गेलं. मी धावत गेले, हे माझ्या मागे. नंदोईजींचा चेहरा फाटकाला कुलूप लागलं त्या दिवशी झाला होता तसा झाला.

छत्र्या भरायचं काम बघणारे एक उस्ताद होते, फौजेतून निवृत्त झालेले, गालात लवंग धरलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. ते आले. मला वाटलं, आता हे उस्ताद नंदोईजींना उभं आडवं फाडणार. त्यांनी चष्मा लावला, ताग्याभोवती एक फेरी मारली, कडेवर बोट फिरवलं.

“कहाँ थे आप, बाबूजी?”

“मिल में. फोल्डिंग.”

“दिख रहा है.” लवंग ह्या गालातून त्या गालात गेली. “तह तो ऐसी है कि खोलने का जी नहीं करता. पर इसके साथ कूदे, तो लड़की भी थान जैसी ही नीचे आएगी.”

मुलगीसुद्धा हसली. नंदोईजी नाही हसले. त्यांनी घडीचंच विचारलं, “फिर आपकी तह कैसी होती है?” उस्ताद म्हणाले, “हमारी वाली ऊपर जाकर अपने-आप खुल जाती है. बस इतना ही काम है उसका.” नंदोईजी विचारात पडले. “मतलब, तह देखता कोई नहीं?” “देखना किसको है जी? बच्ची नीचे आ जाए.”

मग त्यांनी नंदोईजींना कामालाच लावलं. गाठ सोडा म्हणाले. ती त्यांचीच गाठ, तिच्यावर दुसऱ्याचा इलाज चालला नसता. लडी उलगडली. एकेक दोरी वेगळी करून ताणून धरायची होती. उस्तादांनी टोकं नंदोईजींच्या हातात दिली आणि म्हणाले, “हिलना मत.” ते शाळेतल्या मुलासारखे ताठ उभे राहिले. नाकावर माशी बसली तरी हलले नाहीत, ती मी पदरानं हाकलली. उस्ताद पुढून येत होते, एकेक दोरी पारखत, कापडाचा एकेक पदर बाजूला लावत. ती घडी दिसायला अगदी सामान्य होती, खरं सांगायचं तर मला ती गबाळीच वाटली, पण नंदोईजी डोळ्यांची पापणी न लववता बघत होते. पायलट दोनदा येऊन घड्याळाकडे बघून गेला. मुलगी बसून बुटाच्या नाड्या सोडत होती, बांधत होती. मी महाकालाला मनातल्या मनात सांगितलं, सकाळी घाईत दर्शन घेतलं त्याचा राग ह्या पोरीवर काढू नकोस.

विमान गेलं. वर जाऊन माशीएवढं झालं. मग त्यातून एक ठिपका सुटला. नंदोईजींनी माझा दंड धरला होता, जन्मात कधी त्यांनी मला असं धरलं नव्हतं. ठिपका पडतोय, पडतोय. जत्रा गप्प. आमचा माहितीवालासुद्धा गप्प. आणि मग आभाळात केशरी फूल उमललं तशी छत्री उघडली, ठिपका एकदम थांबल्यासारखा झाला आणि डुलायला लागला. नंदोईजी हळूच म्हणाले, “उघडली.” दंड सोडला, चष्मा काढून पुसला, परत लावला.

मुलगी उतरली ती दोन्ही हातांत त्या कापडाचा भारा घेऊन धावतच आली आणि तो ताडपत्रीवर टाकून वाकून त्यांच्या पाया पडली. नंदोईजी संकोचले. भारा त्यांच्या पायाशी पडलेला, केवढा चुरगळलेला. त्यांचे हात पुढं झाले. मग त्यांनी ते पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले आणि उस्तादांना म्हणाले, “आप ही करो जी. मैं देखता हूँ.” आणि अंधारून येईपर्यंत बघत उभे राहिले. आम्ही दोघं फियाटमध्ये बसून वाट बघत होतो, ह्यांनी हॉर्नला हात लावला नाही.

येताना मी सोमवारचा विषय काढलाच नाही. सांवेर मागे पडल्यावर तेच म्हणाले, “वहिनी, सकाळपासून तुमच्या पोटात काहीतरी आहे.” मी म्हटलं, “आहे.” “हिनं पाठवलंय ना तुम्हाला?” मी म्हटलं, “हो.” त्यांनी खिडकीची काच वर केली. “आज राहू द्या,” म्हणाले. मी राहू दिलं. काय करणार होते? मला वाटलं, गेलं काम हातचं.

वन्सं दारातच उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी नजर चुकवली. आत जाऊन जेवायला बसलो तर नंदोईजींनी जी गोष्ट सुरू केली ती थांबेना. विमान केवढं, पोरगी कुठली, उस्तादांचे हात कसे चालतात, दोऱ्या कशा ओळीनं लावतात, गाठ मारली ती आपण कशी चूक केली, सगळं. वन्सं पोळ्या वाढत ऐकत होत्या. “लोक हसले तुम्हाला?” त्यांनी विचारलं. “हसले की,” ते म्हणाले, “चांगले पोटभर हसले.” मग उठले, मोरीवर हात धुतले, पंच्याला पुसले आणि पाठमोरेच म्हणाले, “उद्या डबा लागेल मला.”

वन्सं ‘बरं’ म्हणाल्या. एवढंच. मग ओट्याकडे तोंड करून त्या कितीतरी वेळ तीच एक कढई घासत राहिल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि निघाले.

सोमवारी ते गेले. शेठजींना एकच अट घातली, टाचण्या दुसऱ्या माणसानं लावायच्या. शेठजींनी कबूल केलं. त्या शोरूममध्ये त्यांनी पुढं पुष्कळ वर्षं काढली. आनंदानं काढली असं मी म्हणणार नाही, मिलची गोष्ट निघाली की आवाज बदलायचा तो बदलायचाच. पण रोज वेळेवर जात आणि संध्याकाळी येऊन आज कोणाच्या लग्नाचे कपडे गेले ते वन्संना सांगत.

आता दोघं सुदामा नगरात राहतात, लेकाच्या घरात. लेक-सून दिवसभर कामावर, नातू बंगलोरला. आमचे हे गेले, फियाट तर त्याच्याही आधी गेली. मी अधूनमधून रिक्षा करून जाते. दुपारी नंदोईजी गॅलरीत खुर्ची टाकून बसतात. गुडघे धरलेत, कानही जरा कमी झालेत, तेव्हा त्यांच्याशी थोडं मोठ्यानं बोलावं लागतं. परवा गेले तेव्हा म्हणाले, “वहिनी, हल्ली कोणी येतच नाही हो. सगळे फोनवर बोलतात, आणि मला फोनवर ऐकू येत नाही.” ते मला लागून राहिलंय. म्हणून तुम्हाला सांगते, पुढच्या वेळी इंदूरला आलात की आधी त्यांच्याकडे जाऊ. मी बरोबर येईन, वन्संच्या हातचे पोहे खाऊ. त्या उडीची गोष्ट विचारा, ते सगळी सांगतील, तासभर लागेल, लागू द्या. पण या लवकर. दिवाळीची वाट नका बघू.